बांधावरची हजेरी

व्यंकोबारावांना दोन गोष्टींचा मनस्वी तिटकारा होता. एक पाणचट कॉफी आणि दुसरी खोटी हजेरी. पहिलीच्या बाबतीत पत्नी सुंदरीबाईंनी बत्तीस वर्षांत तक्रारीला जागा ठेवली नव्हती. दुसरीच्या बाबतीत मात्र कुंभकोणमच्या पोरांनी त्यांचा पिच्छा पुरवला. बुट्टी मारलेल्या दोस्ताच्या नावाला भलताच कुणीतरी 'उळ्ळेन् अय्या', म्हणजे 'हजर आहे, गुरुजी', असं ओरडायचा. व्यंकोबाराव पटावरची मान वर न करता सांगायचे, हा आवाज भिंतीकडच्या रांगेतला आहे, ज्याचा आहे त्याने उभं राहावं. पोरगा उभा राहायचा. तेहतीस वर्षं मास्तरकी केली, पण त्यांच्या पटात एक खोटी खूण दाखवा म्हटलं असतं तर सापडली नसती.

नियम म्हणजे नियम. सलग पंधरा दिवस मूल आलं नाही, की सोळाव्या दिवशी पटावरून नाव कमी. त्याचीही रीत ठरलेली. पट्टी धरायची आणि नावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल शाईची एकच रेघ ओढायची, ना वाकडी ना फुटलेली. तपासनीस पट उघडून म्हणायचे, रेघ असावी तर अशी. व्यंकोबारावांना त्या रेघेचा अभिमान होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे त्या रेघेनेच त्यांची झोप उडवली.

घराणं तंजावरच्या दरबारातल्या कारकुनांचं. दरबार गेला, कारकुनी गेली, मागे राहिली ती भाषा. कुंभकोणमलगतच्या मेलकावेरीतल्या त्यांच्या घरात उंबऱ्याच्या आत मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ, अशी चोख वाटणी होती. पुण्याचा एक पाहुणा एकदा त्यांचं बोलणं ऐकून हसला होता आणि असं मराठी आपण फक्त जुन्या कागदांत वाचलंय म्हणाला होता. व्यंकोबारावांनी त्याला वरून आणखी एक इडली वाढायला सांगितली आणि म्हणाले की कागद वाळवीने खाल्ले, पण माणसं अजून शाबूत आहेत. पाहुणा पुढचे तीन दिवस जपून बोलला.

एकोणीसशे चोपन्न साली, पंचावन्न पुरी झाल्यावर, शाळेने त्यांना हार घालून घरी पाठवलं. आता गपगुमान कावेरीवर स्नान करावं, ओसरीवर बसून पानाला चुना लावावा, एवढंच खरं तर उरलं होतं. पण चौथ्याच दिवशी नदीच्या पायऱ्यांवर राजगोपाल सर भेटले. हे हायस्कुलात इंग्रजी शिकवून त्यांच्या वर्षभर आधी निवृत्त झालेले, काटकुळे, बारा महिने छत्री बाळगणारे. दोघांचं एकमत झालं की शाळेत असताना सरकारी नोकर म्हणून जे तोंडातून काढता येत नव्हतं, ते आता बोलायला हरकत नाही. झालं. सेवानिवृत्त शिक्षकांचं मंडळ निघालं. सुरुवातीला अकरा जण होते. मग कुणी लेकीकडे मदुरेला गेला, कुणाचे गुडघे गेले, कुणाच्या सुनेने डोळे वटारले. वर्ष सरायच्या आत अध्यक्ष राजगोपाल आणि चिटणीस व्यंकोबाराव असे दोघंच उरले. सभासद एकही नाही, त्यामुळे ठराव मात्र सगळे एकमताने व्हायचे.

राजगोपाल सर अर्ज लिहायचे, खेड्यांतल्या शाळांना पाचवीच्या पुढचे वर्ग द्या म्हणून. त्यांचं इंग्रजी असं भरजरी, की आमदाराला दुसऱ्या पानापर्यंत पोचणं मुश्कील. व्यंकोबारावांचा भरवसा आकड्यांवर. आजूबाजूच्या बावीस गावांत ते पायी फिरले आणि पाचवीत मुलं किती, त्यातली सहावीला जातात किती, याची यादी केली. पट्टीश्वरमच्या अंगाला, पिशवीत दहीभाताचा डबा घेऊन, उन्हातान्हात. सुंदरीबाई म्हणायच्या, नोकरीत होते तेव्हा पाच वाजता घरी यायचे, आता निवृत्त झाल्यापासून दिवेलागण होते. म्हणायच्या खऱ्या, पण दुसऱ्या दिवशी डबा न सांगता तयार असायचा.

त्या यादीत सगळ्यांत तळाला होतं तेन्नंतोप्पु. पट्टीश्वरमच्याही पलीकडची ती शेतमजुरांची वस्ती. व्यंकोबारावांची अगदी पहिली नेमणूक तिथली. चार वर्षं त्यांनी तिथे काढली आणि मग बदली होऊन गावात, कुंभकोणमला, आले, ते एकोणतीस वर्षं गावातच राहिले. तेन्नंतोप्पुची शाळा पाचवीपर्यंत. सहावीसाठी चार मैल चालून, दोन नद्या ओलांडून कुंभकोणम गाठायचं. पाणी चढलं की तेही बंद. तिथून सहावीला गेलेल्या मुलींची संख्या शून्य होती. व्यंकोबारावांनी ती दोनदा तपासून पाहिली.

तिथेच त्यांना अंजलै भेटली. अकरा वर्षांची, तेल न लावलेल्या केसांची, फळ्यावरचं गणित मास्तर लिहून संपवायच्या आत सोडवणारी. हेडमास्तर नवखे होते, भिडस्त होते. त्यांनी हळूच सांगितलं की ही गेल्या वर्षी पाचवी पास झाली, पण घरी बसायला तयार नाही म्हणून पुन्हा पाचवीतच बसते. व्यंकोबारावांनी तिला विचारलं, बाळ, तेच तेच ऐकून कंटाळा येत नाही का. ती म्हणाली की येतो, पण इथून उठले तर पुन्हा बसायला मिळणार नाही. बाप म्हणाला होता, अजून एक वर्ष बस, त्यानंतरचा पोंगल झाला की कायमची शेतावर. व्यंकोबाराव त्या दिवशी डब्यातला भात तसाच परत घेऊन आले.

आता सगळी मदार होती आमदार नटराज यांच्यावर. तेन्नंतोप्पु त्यांच्याच मतदारसंघात. मतदारसंघात कशाला, माणूस तेन्नंतोप्पुचाच. शेतमजुरांची संघटना बांधत वर आलेला, चाळिशीचा, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा. पहिल्या नेमणुकीच्या काळात हाच नटराज व्यंकोबारावांच्या हाताखाली पाचवीत होता. तोंडी हिशेबात पटाईत होता, हे त्यांना चांगलं आठवत होतं. पुढे त्याने शाळा सोडली. ती कशी आणि का, ते आठवत नव्हतं. पोरं शाळा सोडायचीच, कुणाकुणाचं लक्षात ठेवणार.

दर शुक्रवारी सकाळी नऊला, म्हणजे राहुकाळ लागायच्या चांगला दीड तास आधी, हे दोघे म्हातारे नटराजांच्या ओसरीवर हजर. नटराज त्यांना पाहून उभे राहायचे आणि ते बसेपर्यंत उभेच असायचे. कॉफी यायची. यादी निघायची. आणि सगळं ऐकून झालं की नटराज म्हणायचे, 'पार्क्कलाम्'. म्हणजे पाहू. पाहू हा शब्द पुढाऱ्यांना देवाने वरदान म्हणून दिलेला असावा. त्यात हो नाही, नाही नाही, आणि ऐकणाऱ्याला पायऱ्या उतरेपर्यंत बरं वाटतं. व्यंकोबारावांनी मग एक वही केली. प्रत्येक शुक्रवारी आमदार घरी असले तर हजर, नसले तर गैरहजर. सवय हो, दुसरं काय. सात महिन्यांनी ती वही त्यांनी नटराजांपुढे ठेवली आणि नम्रपणे सांगितलं की आपली हजेरी उत्तम आहे, प्रगती मात्र दिसत नाही. नटराज पहिल्यांदा हसले. पण म्हणाले पार्क्कलाम्च.

मग दोघांनी मद्रास गाठली. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात रात्रभर उभं-बसून. आमदारांच्या वसतिगृहात एकेका खोलीचं दार ठोठावलं. एका गलेलठ्ठ आमदाराला व्यंकोबारावांनी विचारलं, आपल्या भागात पाचवीनंतर किती मुलं गळतात? उत्तर येईना. व्यंकोबाराव थांबले. वर्गात थांबायचे तसेच थांबले, न रागावता, नुसतं बघत. तो बिचारा खाटेवरून उठून हात बांधून उभा राहिला आणि म्हणाला, उद्यापर्यंत पाहून सांगतो. राजगोपाल सर हा किस्सा पुढे कितीतरी दिवस सांगत. आणि कौतुकाची गोष्ट अशी, की त्या माणसाने खरंच दुसऱ्या दिवशी आकडा आणून दिला. गंमत बाजूला ठेवली तरी हे मान्य करायलाच हवं: पदरमोड करून, स्वतःच्या लेकरांसाठी नव्हे, नावासाठी नव्हे, साठीकडे झुकलेली दोन माणसं परक्या दारांत अशी उभी राहिली. कितीजण राहतील?

परतल्यावर नटराजांनी स्वतःहून बोलावणं धाडलं. ते म्हणाले, शिक्षणखात्याचं म्हणणं पडलंय की तेन्नंतोप्पुच्या पटावरची सेहेचाळीस मुलं कागदावरची आहेत. पुढच्या महिन्यात नव्या वर्गांची यादी पक्की होईल, त्यानंतर तीन वर्षं कुणी त्याला हात लावणार नाही. "चाळीस मुलं मला माझ्या डोळ्यांनी दाखवा, सार. मी विधानसभेत भांडतो. नाही दिसली, तर हा विषय माझ्याकडे पुन्हा आणू नका." दिवस तुम्हीच ठरवा, असंही म्हणाले.

आणि इथे आपल्या मंडळींनी माती खाल्ली.

तमिळ पंचांगातला आडी महिना चालू होता. आडीत कुणी शुभकार्य काढत नाही, तेव्हा आमदाराला आडीत कसं न्यायचं? दोघांनी पंचांग उघडलं. त्यापुढचा आवणी महिना लागल्यावरचा पहिला चांगला दिवस शोधला. तिथी चांगली, नक्षत्र चांगलं, राहुकाळ दुपारी. असा दिवस महिन्यात दुसरा नव्हता. राजगोपाल सरांनी चष्मा पुसून पुन्हा खात्री केली. व्यंकोबारावांनी हेडमास्तरांना कार्ड टाकलं. हेडमास्तरांनी वडीलधाऱ्यांनी ठरवलंय म्हणून मान डोलावली. एवढा उत्तम दिवस मिळाला म्हणून सुंदरीबाईंनी गोडाचं केलं.

त्या सकाळी नटराजांसह तिघे जटक्यातून, म्हणजे घोड्याच्या टांग्यातून, निघाले. नदी तुडुंब वाहत होती, दोन्ही बाजूंना शेतांत पाणी चमकत होतं. शाळेपाशी गाडी थांबली तर हेडमास्तर दारात घाम पुसत उभे. आत मुलं नऊ. त्यातली तीन इतकी लहान, की ती शाळेत बसली होती की धाकट्या भावंडांसारखी सोडून दिली होती, पट पाहिल्याशिवाय सांगता येत नव्हतं.

पंचांग काय एकट्या मास्तरांच्या घरात असतं? आवणीतला पहिला शुभ दिवस जमीनदारांच्या कारभाऱ्यांनीही शोधून ठेवला होता. सांब्याच्या, म्हणजे मोठ्या हंगामाच्या, भाताची लावणी त्या मुहूर्तावर सुरू झाली होती आणि सगळी वस्ती, पोराबाळांसकट, पहाटेपासून चिखलात उतरली होती. बाया रोपं लावत होत्या, पोरं रोपांच्या जुड्या वाहत होती, पोरी बांधावर तान्ही सांभाळत होत्या. चार वर्षं या शाळेत काढलेल्या व्यंकोबारावांना हे ठाऊक असायला हवं होतं. होतंही. पण एकोणतीस वर्षं गावातल्या शाळेत आवणी म्हणजे नुसती जानव्याची पौर्णिमा होती, आणि माणूस विसरतो.

नटराज जवळजवळ रिकाम्या वर्गात उभे राहिले. खिडकीतून शेताकडे पाहिलं आणि पायऱ्या उतरू लागले. राजगोपाल सर छत्री घट्ट धरून काही इंग्रजी शब्द जुळवत होते, ते जुळत नव्हते. व्यंकोबारावांच्या डोळ्यांपुढे एकदम ती पोरगी आली, पोंगलनंतर पाचवीतही बसायला न मिळणारी. त्यांनी हेडमास्तरांच्या टेबलावरचा पट उचलला, काखेत मारला, आणि आमदारांना म्हणाले की गाडीत बसू नका, माझ्यामागून या.

शाळा आणि शेत यांच्यात एक पाटाचं पाणी आणि एक बांध. ज्या गृहस्थाने जन्मात कधी अनवाणी रस्ता ओलांडला नसेल, त्याने वहाणा काढून पाटात पाय घातला. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं. बांधावर चढताना एकदा घसरले, पट मात्र डोक्यावर धरलेला. कारभारी धावत आला, मुहूर्ताची लावणी आहे, काम थांबवू नका म्हणून. व्यंकोबाराव त्याला म्हणाले, "काम थांबवू नकोस. हात चालू राहू देत. मला फक्त तोंडं हवीत."

आणि त्यांनी हजेरी सुरू केली.

पहिल्या नावाला कुणालाच कळेना काय चाललंय. बाया कंबरेवर हात ठेवून सरळ झाल्या. व्यंकोबारावांनी तेच नाव पुन्हा घेतलं, वर्गातल्या त्याच खणखणीत सुरात. चार वावरं पलीकडून, डोक्यावर रोपांची जुडी घेतलेला एक पोरगा दबकत ओरडला, उळ्ळेन् अय्या. पेन्सिलीची खूण झाली. दुसरं नाव, विहिरीकडून उत्तर. तिसरं, बांधावर बाळ मांडीवर घेतलेल्या मुलीकडून. मग पोरांना चेव आला. नाव निघायच्या आत चिखलातून हात वर व्हायला लागले. व्यंकोबाराव प्रत्येकाकडे वळून, चेहरा पाहून, मगच खूण करत होते. खोटी हजेरी त्यांनी शेतातसुद्धा खपवून घेतली नाही. एका भावाने बहिणीसाठी ओ दिली तर त्याला तिथल्या तिथे दटावलं. अंजलैचं नाव आलं तेव्हा ती लावणीच्या रांगेत उभी होती, बायांच्या बरोबरीने. तिने उत्तर दिलं आणि खाली वाकून पुढचं रोप लावलं.

शेतात बत्तीस, वर्गात नऊ. एक्केचाळीस. व्यंकोबारावांनी पट मिटला आणि नटराजांपुढे धरला. नटराजांनी तो घेतला नाही. ते शाळेच्या खिडकीकडे पाहत होते. बोलले ते असं, की रांगेतल्या बायांनाही ऐकू गेलं.

"सार, तुमची हजेरी याच वावरात ऐकू यायची. आवणीत मी इथे असायचो. तुम्ही माझं नाव घ्यायचात आणि मी 'उळ्ळेन् अय्या' म्हणायचो. हळू म्हणायचो, कारभारी मागे असायचा. पण रोज म्हणायचो. सोळाव्या दिवशी तुम्ही माझं नाव घेतलं नाही. मला वाटलं, चुकून राहिलं असेल. दुसऱ्या दिवशीही मी कान लावून उभा राहिलो."

व्यंकोबाराव मनातल्या मनात जुने पट उलटत राहिले. ती रेघ त्यांना आठवली नाही, हेच वाईट होतं. अशा किती ओढल्या होत्या, आणि सगळ्याच सरळ होत्या. मग त्यांनी विचारलं, गेलं वर्षभर दर शुक्रवारी मी येतो, एकदाही का बोलला नाहीस. तुम्ही म्हणायचे ते एकदम तू म्हणाले. नटराज म्हणाले, तुम्हाला दुःख द्यायचं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, पाहत होतो, तुम्ही किती दिवस येता ते.



घरी सुंदरीबाईंनी चिखलाने माखलेलं धोतर पाहिलं आणि आधी पाणी तापवलं. मग विचारलं, काय जहालें? व्यंकोबारावांनी सगळं सांगितलं. शेवटी इतकंच म्हणाले, "मज ऐकूं आलें नाहीं, सुंदरी. तो रोज बोलत होता, मज ऐकूं आलें नाहीं." आणि हा माणूस, ज्याला पोरं वाघ म्हणायची, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून रडला. सुंदरीबाईंनी त्यांना मनसोक्त रडू दिलं. त्यांच्यापुढे कॉफी ठेवली, आणि म्हणाल्या, "मग आतां जवळ जाऊन पुकारा."

नटराज विधानसभेत बोलले. राजगोपाल सरांच्या नऊ पानी अर्जातलं अक्षर वाचलं नाही. ते म्हणाले की तेन्नंतोप्पुत एक्केचाळीस मुलं हजर होती, मी स्वतः मोजली, फक्त ती चुकीच्या जागी उभी होती, आणि ती जागा त्यांनी निवडलेली नाही. पुढे काही महिने कागद इकडून तिकडे फिरले. व्यंकोबारावांची शुक्रवारची वही एकदा भरून दुसरी सुरू झाली. पोंगल आला आणि गेला; त्याआधी नटराजांनी अंजलैच्या बापाला घरी बोलावून जूनपर्यंतचा शब्द घेतला होता. छप्पन सालच्या जूनमध्ये तेन्नंतोप्पुला सहावी उघडली. पहिल्या दिवशी पहिल्या रांगेत अंजलै बसली. दोन वर्षं जी वाक्यं पाठ होती त्याहून वेगळं वाक्य मास्तरांनी वाचलं, तेव्हा म्हणे ती जोरात हसली.

मंजुरीला एक अट मात्र चिकटवलेली होती. कुठल्याही महिन्यात हजेरी चाळिसाखाली गेली तर सहावी बंद. आणि दोन महिन्यांत पुन्हा आवणी येणारच होती.

ती आली. व्यंकोबारावांनी या खेपेला पंचांग उघडलं ते लावणीचा दिवस आधीच कळावा म्हणून. त्या दिवसापासून लावणी संपेपर्यंत, वीस दिवस, ते रोज सकाळी मेलकावेरीहून तेन्नंतोप्पुला गेले. बांधावर उभं राहून हजेरी घ्यायची, आणि दुपारी जेवणाची सुट्टी झाली की करंजाच्या झाडाखाली तासभर शिकवायचं, कारण नुसती हजेरी लावून न शिकवणं हीसुद्धा खोटी हजेरीच, असं त्यांचं मत. तपासनिसाने विचारलं, हे कुठल्या नियमात बसतं. तोवर नटराजांनी लावणीच्या दिवसांत शाळेची वेळ आणि जागा बदलायची लेखी परवानगी आणून ठेवली होती. तपासनिसाने ती वाचली, बांधावर बसला आणि सहावीला दोन गणितं घातली. दोन्ही अंजलैने सोडवली.

पण सांगायचं आहे ते पहिल्या सकाळचं. व्यंकोबारावांनी पाट ओलांडला, बांधावर चढले, पट उघडला. एकेक नाव घेतलं, एकेका चेहऱ्याकडे वळून. शेवटचं नाव झालं, तरी पट मिटला नाही. अगदी शेवटच्या पानावर त्यांनी आदल्या दिवशी स्वतःच्या हाताने एक नाव लिहून ठेवलं होतं. ते त्यांनी घेतलं.

"नटराज."

नटराज त्या दिवशी मद्रासला होते, हे सगळ्या वस्तीला माहीत होतं. गेल्या वर्षी ते याच वावरात काय बोलले, तेही माहीत होतं. बायांचे हात थांबले. व्यंकोबाराव पेन्सिल टेकवून, मान खाली घालून उभे राहिले. मग लावणीच्या रांगेतून आवाज आला, कारभाऱ्याची पर्वा न करता, मोठ्याने.

"उळ्ळेन् अय्या."

आवाज अंजलैचा होता. तिच्यामागून सगळी पोरं ओरडली, आणि एक म्हातारीही. नाव एकाचं आणि ओ भलत्यांचीच. तेहतीस वर्षांत असा आवाज व्यंकोबारावांनी मान वर न करता शंभरदा पकडला होता.

त्यांनी मान वर केली नाही. त्या नावापुढे हजेरीची खूण केली, आणि पट मिटला.